कौशल्याबाईचा मणका

सुंदरराव आमच्या दारात आला तो सफरचंदांची पिशवी घेऊन. माझी थोरली जाऊ कौशल्याबाई बीडच्या दवाखान्यातून घरी येऊन दोनच दिवस झाले होते. दूध संस्थेचा चेअरमन, चारा छावणी चालवणारा, नेकनूरपर्यंत ज्याचा शब्द खाली पडत नाही असा माणूस आपल्या पायानं भेटायला आला म्हटल्यावर माझे थोरले दीर उत्तरेश्वर नुसते गडबडून गेले. त्यांनी बाज झटकली, तिच्यावर चादर टाकली, ती उलटी पडली म्हणून पुन्हा टाकली. मी चहा ठेवला. साखर मुद्दाम कमी घातली.

"कौशल्याबाई," सुंदररावानं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "कुनी इचारलं तर मनक्याचा टीबी म्हनायचं. टीबी काय, कुनालाबी व्हतो. गाभडाचा रोग हा शब्द तोंडातून काढायचा न्हाई."

आक्का, म्हणजे कौशल्याबाई, घरात आम्ही तिला आक्काच म्हणतो, भिंतीला पाठ लावून बसली होती. कमरेला तो रुंद पांढरा पट्टा. तिनं एवढंच विचारलं, "कावून?"

"कावून म्हंजी? डेअरीवाल्यांच्या कानावर गेलं तर उद्या समद्या गावाचं दूध माघारी येईल. छावणीत सहाशे गुरं हायत. पाऊस कवा पडंल ते कुनाला ठावं न्हाई. लोकांच्या पोटावर पाय द्यायचाय का तुमाला?"

"आन् भिवराच्या गुडघ्याचं काय, चेअरमन? कडूबाईला रोज संध्याकाळी ताप चढतो, तिचं काय?"

"त्यांचं वय झालंय."

"कडूबाई बत्तीस वर्षांची हाय."

सुंदरराव उठला. जाताना उंबऱ्यात थांबून आवाज न चढवता म्हणाला, "ज्या बाईनं रगत तपासून घेतलं, तिच्या गुराच्या कानातला बिल्ला दुसऱ्या दिवशी मोबाइलवर वाचला जानार न्हाई. बघा मंग." बिल्ला वाचला नाही तर त्या जनावराला चारा नाही, हे छावणीतल्या लहान पोराला ठाऊक होतं. रोज सकाळी मोबाइल घेऊन पोरं फिरायची, कानातला पिवळा बिल्ला वाचायची आणि त्यावर उसाची मोळी मिळायची. त्या दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात गावात दुसरीकडे कुठे हिरवं पान दिसत नव्हतं. पालीच्या धरणात लोक मोटारसायकली चालवत होते.

सफरचंदं मी शेजारच्या शेळीला घातली. उत्तरेश्वर भावजी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आता आक्काचा मणका असा कशानं झाला ते सांगते, म्हणजे सुंदरराव एवढा का घाबरला तेही कळेल.

आमच्या गावात गाय अडली की कौशल्याबाईला बोलावतात. डॉक्टर नेकनूरला, आणि त्याच्याकडे वीस गावं. आक्का पदर खोचणार, कोपरापर्यंत गोडंतेल लावणार आणि हात आत घालून वासराचे पाय सरळ करणार. मोबदला म्हणून चिकाचा तांब्या. बस. तिचा हात आत गेला की गाय गप उभी राहते असं लोक म्हणतात. मी बघितलंय, गप राहते.

छावणी लागली मार्चात. सहाशे गुरं एका माळावर, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड. एप्रिलपासून गाई गाभडायला लागल्या. सातव्या महिन्यात, आठव्या महिन्यात मेलेलं वासरू पडायचं आणि वार आत अडकायची. आक्कानं एका महिन्यात अशी अकरा गाभडी काढली. हाताला भिवरा, कडूबाई आणि आणखी तिघी. चाऱ्यात रोज ऊसच असल्यामुळे पाचटानं सगळ्यांचे हात चिरलेले. त्या चिरांवर गोडंतेल चोळून या बाया कामाला लागायच्या.

आणि वार. गाय व्याली की तिची वार पोत्याच्या तुकड्यात बांधून वडाला टांगायची, म्हणजे वडाच्या चिकासारखं दूध वाहतं, अशी आमच्याकडची रीत. गुरं घरोघरी असतात तेव्हा गावात वड पुष्कळ असतात. छावणीच्या माळावर एकच होता आणि सावलीही तेवढीच होती. गाभडलेल्या गाईंच्या वारीही आक्कानं तिथंच टांगायला लावल्या, निदान दूध तरी तुटू नये म्हणून. गाठोडी कावळे फोडायचे, कुत्री ओढायची, बाया उचलून पुन्हा बांधायच्या आणि त्याच हातानं खाली बसून भाकरी खायच्या. मी सुद्धा त्या वडाखाली भाकरी खाल्ली आहे.

मेच्या सुरुवातीला आक्काला संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी उतरायचा, घामानं अंथरूण भिजवायचा. मग कंबर धरली. गावात सुया टोचणारा एक आहे, त्यानं एक इंजेक्शन दिलं. आक्का चार दिवस हरणासारखी पळाली, पाचव्या दिवशी बाजेवरून उठेना. त्यानं पुन्हा दिलं. असं पाच वेळा. मग शहरातल्या एका दवाखान्यात फोटो काढला, तर खालचे दोन मणके कडेनं कुरतडल्यासारखे. त्यांनी टीबी सांगून गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, बाकी काही झालं नाही.

शेवटी बीडच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी फोटो बघायच्या आधी आक्काचे हात बघितले. उलटे केले, सुलटे केले. "गुरं आहेत?" आहेत. "एवढ्यात कुणाची गाय गाभडली?" आक्का म्हणाली, "कितवी सांगू?" मग वडाचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. रक्त बीडहून पुढे तपासायला गेलं, चौथ्या दिवशी उत्तर आलं. गाई ज्यानं गाभडतात, तोच जंतू आक्काच्या मणक्यात बसला होता.

आक्का विचारायला लाजणारी बाई नाही. "जंतू येवढा बारीक, मंग त्यानं हाड कसं खाल्लं?"

मॅडम दुसऱ्या डॉक्टरांसारख्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. "हाड म्हणजे दगड नाही, कौशल्याबाई. हाड जिवंत असतं. त्यात दोन तऱ्हेच्या पेशी रोज काम करतात. एक जुनं हाड खरवडून काढते, दुसरी तिथं नवं भरते."

"दिवाळीच्या आधी भिताडाचे पोपडे काढायचे आन् मंग लिंपायचं, तसं?"

"अगदी तसं. खरवडणारीनं कधी लागायचं, कधी थांबायचं, हे निरोपांवर ठरतं. कामाला लाग असा एक निरोप असतो. तो मधल्या मध्ये अडवणारा एक पदार्थही शरीरच बनवतं. दोन्हींचा मेळ असला की भिंत ठाकठीक राहते."

"मंग माझ्यात काय बिनसलं?"

"हा जंतू पेशीच्या पोटात लपून बसतो. शरीराचे शिपाई त्याला हुडकतात आणि आरडाओरडा करतात. तोंडानं नाही, रसायनांनी. एक पेशी सोडते, दुसरीला ते पोचतं. दोन-चार दिवस ओरडले तर चांगलंच आहे, ताप येतो आणि रोग जातो. पण ओरडणं आठवड्यांमागून आठवडे चाललं, तर तेच निरोप खरवडणाऱ्या पेशींनाही जातात. खरवडा म्हणून. अडवणारा पदार्थ कमी पडतो, लिंपणाऱ्या मागे पडतात आणि भिंत पोकळ होते."

"म्हंजी माझं हाड जंतूनं न्हाई खाल्लं. माझ्याच मानसांनी खाल्लं."

"बरंचसं तसंच. आणि गंमत ऐका. या खरवडणाऱ्या पेशी बाहेरून येत नाहीत. त्या शिपायांच्याच घराण्यातल्या असतात. रक्तातल्या बऱ्याच जणी एकमेकींत मिसळतात आणि त्यांची एक मोठी पेशी होते."

"म्हंजी सोसायटीच की!" आक्का म्हणाली. मॅडम इतक्या हसल्या की बाहेरच्या नर्सनं दार उघडून बघितलं.

मी मध्येच शहाणपणा केला. "मग त्या ओरडण्यावरच औषध द्या ना."

मॅडमचं हसू गेलं. "ते तुमच्या गावातल्या माणसानं दिलंच होतं, पाच वेळा. चार दिवस बरं वाटायचं ना? ओरडणाऱ्यांची तोंडं दाबली, चोर घरातच राहिला. शिवाय त्या इंजेक्शनानं हाड आणखी ठिसूळ होतं. आधी चोर बाहेर काढायचा. त्याला तीन-चार महिने औषध लागेल, एकही दिवस न चुकवता. चोर गेला की ओरडणं आपोआप थांबतं, मग खरवडणं थांबतं, मग लिंपण सुरू होतं. पण खोटं सांगत नाही, हे दोन मणके होते तसे होणार नाहीत. तुम्हाला आता वाकून ओझं उचलता येणार नाही."

गाय अडली तर वाकावं लागतं. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिनं बघितलं, म्हणून तिनं लगेच दुसरं विचारलं. "माझ्या हाताला पाच जनी व्हत्या. त्यातल्या भिवराचा गुडघा सुजलाय."

"नुसता सुजलाय? चालते ना?"

"चालती."

"मग हाड अजून वाचलेलं असेल. तिला लवकर आणा. पाचही जणींना आणा. या महिन्यात आणलंत तर तुमच्यासारखा पट्टा त्यांना लागणार नाही."

या महिन्यात. आक्का घरी आली ती हे दोन शब्द घेऊन, आणि मागोमाग सुंदरराव सफरचंदं घेऊन.

भिवराबाई तिची लग्नाच्या वर्षापासूनची मैत्रीण. दोघी एकाच टोळीत ऊस तोडायला गेलेल्या, पाचटाच्या एकाच कोपीत बाळंत झालेल्या. आक्का पट्टा बांधून, माझ्या खांद्यावर हात टाकून छावणीतल्या तिच्या दावणीपर्यंत गेली. भिवराबाई मोळी सोडत होती, एक पाय लांब करून.

"चल बीडला," आक्का म्हणाली.

"न्हाई यायची."

"कावून?"

"तुला ठावं हाय कावून." भिवराबाईनं वर बघितलंच नाही. "माझ्या दोन गाई हायत. त्यांच्या दुधावर घर चालतं. बिल्ला बंद झाला तर आठ दिवसात मरत्यात. गुडघा काय, आज हाय उद्या न्हाई. गाई गेल्यावर मी काय करू?"

"गुडघा गेल्यावर गाईचं काय करशील?"

"जा तू. लोक बघायलेत."

परत येताना आक्का माझ्या खांद्यावर जास्तच रेलली. मला वाटलं खचली. घरात आल्यावर बाजेवर टेकली आणि म्हणाली, "तिची चूक न्हाई, बायने. एकटीला धरून भ्या दाखवलं तर कुनीबी भेतं. त्यो गहिनीनाथ कुठं हाय गं?"

गहिनीनाथ म्हणजे सरकारी दवाखान्याचा पशुधन पर्यवेक्षक. पोरगा हुशार, पण वरिष्ठांना घाबरणारा. गुरं गाभडतायत म्हणून त्यानं दोनदा वर पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं नव्हतं. "आदेशाशिवाय छावणी तपासता येत नाही, मावशी," तो म्हणाला.

"छावनी कोन म्हन्लं? माझी गाय तपास. मालकीन सांगतीय. त्याला आदेश लागतो का?"

त्यानं मान खाजवली. "नाही लागत. दुधावर एक सोपी चाचणी आहे. निळ्या औषधाचा थेंब टाकायचा, कोमट पाण्यात तासभर ठेवायचं. रोग असला तर वर सायीत निळं कडं धरतं आणि खालचं दूध पांढरं होतं. नसला तर दूध निळंच राहतं, साय पांढरी. ही पहिली पायरी हं. कडं दिसलं तर पुढे रक्तही तपासावं लागतं. उद्या सकाळी घरी येतो."

"घरी नको. सभंच्या दिवशी मांडवात ये."

"मांडवात?" गहिनीनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"घरी तपासलं तर घरातच ऱ्हातंय."

सभा सुंदररावानंच बोलावली होती. विषय एकच, छावणीबद्दलच्या अफवा. ठराव आधीच टाइप करून आणलेला: छावणीतील एकाही जनावरास कोणताही रोग नाही, तसेच छावणीमुळे कोणीही आजारी नाही. खाली सगळ्या सभासदांच्या सह्या आणि अंगठे घ्यायचे. एकदा तिथं अंगठा उठला की भिवरा आणि कडूबाई कोणत्या तोंडानं दवाखान्यात जाणार? गुडघा धरून घरी बसणार आणि कुरतडून घेणार.

हिरव्या जाळीचा मांडव, दुपारचे चार, अंगाची लाही. बाप्ये पुढं खुर्च्यांवर, बाया मागं सतरंजीवर. मी एका बाजूला टेबल मांडून बसले होते, कारण संस्थेच्या दुधाचं फॅट मोजण्याचं काम माझं. आदल्या संध्याकाळच्या नमुन्यांच्या बाटल्या, प्रत्येक सभासदाच्या नंबराच्या, बर्फाच्या पेटीत माझ्या पायाशी होत्या. कुणी फॅटवरून भांडलं तर दाखवायला त्या दिवसभर जपून ठेवायच्या असतात. त्या दिवशी पेटी मांडवात आणायचं काहीच कारण नव्हतं. मी आणली.

सुंदररावानं ठराव वाचला. "कुनाला काय म्हनायचंय?" असं विचारून त्यानं लगेच शाईचा पॅड उघडलासुद्धा.

"मला म्हनायचंय," आक्का मागून म्हणाली. उत्तरेश्वर भावजींनी तिला दंडाला धरून उठवलं. मला वाटलं होतं ते तिला खाली बसवतील. त्यांनी तिच्यासाठी पुढून एक खुर्ची ओढून आणली, एका बाप्याला उठवून.

"बसा कौशल्याबाई, तुमची तब्येत बरी न्हाई. उत्तरेश्वर, ने रं तिला घरी."

"सभासद त्यो न्हाई, मी हाय," आक्का म्हणाली. "गाय माझ्या नावावर हाय. ठरावात म्हन्लंय एकाबी जनावराला रोग न्हाई. मी म्हन्ते माझ्या गाईपासून बघा. हितंच बघा. गहिनीनाथ, ये रं."

गहिनीनाथ आला. आक्काच्या गाईचं दूध त्यानं काचेच्या नळीत घेतलं, निळा थेंब टाकला. तेवढ्यात मी पेटीतून एक बाटली काढली आणि दुसरी नळी भरून त्याच्या पुढं धरली. "हीबी." त्यानं बाटलीवरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. आकडा होता एक. सुंदररावाच्या सहा जर्शी गाईंचं दूध. संस्थेतला पहिला सभासद तो. माझी नोकरी त्याच्या हातात आणि त्याचं दूध माझ्या हातात. पण भिवराबाई समोर एक पाय लांब करून बसली होती. गहिनीनाथनं थेंब टाकला. दोन्ही नळ्या कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवल्या.

"तासभर लागंल," आक्का म्हणाली. सुंदररावाला हसू आलं. त्याला वाटलं, दोन्ही नळ्या तिच्याच, ही बाई स्वतःचीच गाय बुडवायला निघालीय, बुडवू दे, मग तीच एक गाय बाहेर काढली की झालं. तो आरामात बसला.

त्या तासात आक्का बोलली. पोपड्यांचं सांगितलं, लिंपणाचं सांगितलं, शिपाई ओरडतात आणि त्या ओरडण्यानं हाड कसं खरवडलं जातं ते सांगितलं. अडाणी बाई म्हणणाऱ्यांनी ऐकायला पाहिजे होतं. "मी सूया घिऊन त्यांची तोंडं दाबली," ती म्हणाली. "माझं अंग बोंब मारीत व्हतं आन् मी म्हन्त व्हते गप बस. म्हनून आतून पोकळ झाले. बोंब मारली तर आदी बघावं कशापाई मारली. आनि एक सांगते. वडाला वारी टांगायला मीच लावल्या. गाभडाच्यासुदिक. तुमी समद्या माझं ऐकून उचलत गेलात. ती चूक माझी. चार मानसांत सांगते, माझी चूक. आता ज्याची त्यानं आपापली सांगावी."

कडूबाई पदरानं तोंड पुसत होती.

तास झाला. गहिनीनाथनं पहिली नळी उचलून उजेडात धरली. दूध निळं, वरची साय पांढरी. "मावशी, तुमची गाय साफ आहे."

सुंदरराव मोठ्यानं हसला. पुढचे बाप्येही हसले. "झालं समाधान? चला, अंगठे करा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. मी आक्काकडे बघितलं. ती हसत होती.

"माझी गाय साफ हाय," ती म्हणाली. "ऐकलं ना समद्यांनी? चेअरमननीबी ऐकलं. मंग हे माझ्या मनक्यात आलं कुठून?" तिनं दोन्ही हात पुढं धरले, चिरलेले, वाळलेले. "ह्या हातांनी छावनीत अकरा गाभडी काढली. त्यात माझ्या गाईचं एक न्हाई. मंग हात कुनाच्या गाईत गेलता?"

हसणं थांबलं. गहिनीनाथनं न सांगता दुसरी नळी वर धरली. खालचं दूध पांढरंशुभ्र, आणि वर, सायीच्या जागी, बोटभर रुंद निळं कडं. मागच्या बायकांनाही दिसलं.

"कुनाची बाटली हाय ती?" सुंदररावानं विचारलं.

"एक नंबर," मी म्हणाले.

एक नंबर कुणाचा हे मांडवात कुणाला सांगावं लागलं नाही. त्याच्या दोन गाई एप्रिलात गाभडल्या होत्या, आणि भर दुपारी त्याची जीप आक्काला न्यायला आली होती. तेही सगळ्यांनी बघितलं होतं. सुंदररावाचा चेहरा असा झाला की मला क्षणभर त्याची कीव आली. क्षणभरच. कारण लगेच तो उठला आणि ओरडला, "ही चोरी हाय! नमुना चोरलाय! बायने, उद्यापासून कामावर यायचं न्हाई. आन् ज्याला कुनाला तपासायची खाज हाय त्यानं आपली गुरं घ्यायची आन् आत्ताच्या आत्ता छावनीबाहेर निघायचं. कोन हाय? उठा. बघू द्या मला कोन उठतंय!"

बाहेर एक गाय हंबरली. मांडवात कुणी हललं नाही. पुढच्या खुर्च्यांवरचे बाप्ये पायांकडे बघत होते. आक्काही आता बसून होती. तिला पाठ सरळ धरवत नव्हती. तिला जेवढं करता येत होतं तेवढं तिनं केलं होतं.

मग मागून कण्हल्यासारखा आवाज आला. भिवराबाई उठत होती. गुडघा साथ देईना, म्हणून तिनं मांडवाचा बांबू धरला आणि त्याला धरून धरून उभी राहिली. सगळा मांडव हलला. लुगडं जरा वर घेऊन तिनं तो सुजलेला गुडघा भर सभेत उघडा केला, बाप्यांसमोर, सुंदररावासमोर.

"मी उठले," ती म्हणाली. "बघा." मग माझ्याकडे वळली. "बायने, माझी बाटली कितवी?"

"सतरा."

"घाल थेंब."

सुंदरराव काही बोलायच्या आत कडूबाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग मला मोजता येईना. एकीचा बिल्ला बंद करता येतो, दोघींचा करता येतो. उभ्या राहिलेल्या बायांमुळे त्याला मांडवाचं दार दिसत नव्हतं. ठरावाचा कागद त्याच्या हातातच राहिला आणि शाईचा पॅड उन्हानं वाळून गेला.

मी पेटी टेबलावर ठेवली. गहिनीनाथनं बाह्या वर केल्या. मी भिवराबाईची बाटली उचलली आणि हळूच म्हणाले, "सतरा."

"मोठ्यानं वाच, बायने," आक्का खुर्चीतून म्हणाली. "त्यांला ऐकू गेलं पायजे."